कोंबडी मुंबईला गेली, तेव्हा मागे काय राहिलं?

हे पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना जे इकडंतिकडं झालं होतं ते इथे जरा सरळ करून लिहिलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका गाण्याचा आहे. म्हणजे दोन गाण्यांचा. म्हणजे खरं तर एकाच चालीचा. २००६ सालचं 'कोंबडी पळाली' आणि २०१२ सालचं 'चिकनी चमेली'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल की दोन्हींची चाल एकच आहे. पण ही चाल मराठीतून हिंदीत गेली तेव्हा तिच्यासोबत कोण कोण गेलं आणि कोण गावातच राहिलं, हे आपण कधी मोजलं नाही. आज ते मोजू.

पण सुरुवात फ्रान्सपासून करायची आहे. का, ते लगेच कळेल.

आधी फ्रान्सची एक चक्कर

१९९१ मध्ये मिलेन फार्मेर या फ्रेंच गायिकेचं 'देझाँशाँते' नावाचं गाणं आलं. शब्द तिचे, संगीत लोराँ बुतोनाचं. शीर्षकाचा अर्थ साधारण 'भ्रमनिरास झालेली' असा. ज्या पिढीचा कशावरच विश्वास उरलेला नाही, त्या पिढीचं हे गाणं. फ्रान्समध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

अकरा वर्षांनी, २००२ मध्ये, केट रायन नावाच्या बेल्जियमच्या गायिकेनं तेच गाणं डान्स-पॉपमध्ये आणलं. ती बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातली. तिनं शब्द फ्रेंचच ठेवले, चाल तीच ठेवली, फक्त खालचा ठेका क्लबचा केला. आणि ज्यांना फ्रेंचचा एक शब्द कळत नव्हता अशी युरोपभरातली पोरं त्यावर नाचली. भ्रमनिरासाच्या गाण्यावर! नंतर तिनं हाच प्रयोग फ्रान्स गालच्या 'एला एल ला' या १९८७ च्या गाण्यावरही केला.

ही झाली कव्हरची पहिली जात. शब्द तेच, चाल तीच, कपडे नवीन.

दुसरी जात वेगळी. १९६७ मध्ये क्लोद फ्रांस्वानं 'कॉम द'आबित्यूद' म्हणजे 'नेहमीप्रमाणे' हे गाणं गायलं. रोजच्या सवयीत विरून गेलेल्या एका जोडप्याचं उदास गाणं. पॉल अँकानं त्याचे हक्क घेतले आणि त्याच चालीवर इंग्रजीत पूर्ण नवे शब्द लिहिले. ते फ्रँक सिनात्रानं गायलं आणि १९६९ मध्ये 'माय वे' म्हणून जगभर गेलं. आता ते स्वाभिमानाचं गाणं झालं होतं. आज 'माय वे' माहीत असणाऱ्या किती लोकांना मूळचं फ्रेंच गाणं माहीत असतं? माझ्या ऑफिसात मी विचारलं. बारा जणांत एकाला.

या जातीत चाल प्रवासाला निघते आणि शब्द स्टेशनवर राहतात. आपली कोंबडी या दुसऱ्या जातीची आहे.

कोंबडी कोणी कोणी पाळली होती?

'जत्रा' हा केदार शिंदे यांचा सिनेमा. ह्यालागाड आणि त्यालागाड नावाची दोन गावं, त्यांचं भांडण, आणि मध्ये अडकलेला भरत जाधव. 'कोंबडी पळाली' पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर यांच्यावर आहे. शब्द जितेंद्र जोशी यांचे. हो, तेच अभिनेते जितेंद्र जोशी. संगीत अजय-अतुल. आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे.

या चार नावांवर जरा थांबू, कारण यातलं प्रत्येक नाव मराठी गाण्याच्या वेगळ्या वाटेनं आलं होतं.

अजय आणि अतुल गोगावले पुणे जिल्ह्यातले. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदल्या. शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर अशा गावांत बालपण. घरात संगीताचं घराणं वगैरे काही नाही. जे कानावर पडलं ते गावातलं: जत्रा, भजन, गोंधळ, बँड. २००१ च्या सुमाराला 'विश्वविनायक' हा गणपतीचा अल्बम आला, त्यात एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन गायले. २००४ मध्ये केदार शिंदे यांचाच 'अगं बाई अरेच्चा!' आला आणि त्यातली 'मल्हारवारी' घराघरात गेली. म्हणजे 'जत्रा'च्या वेळी ही जोडी नवखी नव्हती, पण हिंदीच्या दृष्टीनं अजून बाहेरचीच होती.

वैशाली सामंत यांचा आवाज २००२ मध्ये 'ऐका दाजीबा'नं महाराष्ट्राला माहीत झाला. संगीत अवधूत गुप्ते यांचं, सागरिका कंपनीचा अल्बम. मराठीत पॉप असतं, त्याचा चकचकीत व्हिडिओ असतो आणि तो टीव्हीवर हिंदी गाण्यांच्या मधोमध लागू शकतो, हे आमच्या पिढीला त्या गाण्यानं दाखवलं.

आणि आनंद शिंदे. यांच्याबद्दल मराठवाड्यात राहून कमी बोलणं शक्यच नाही. प्रल्हाद शिंदे यांचा हा मुलगा. प्रल्हाद शिंदे म्हणजे विठ्ठलाची भक्तिगीतं आणि भीमगीतं एकाच गळ्यातून, तितक्याच ताकदीनं गाणारा माणूस. २००४ मध्ये ते गेले. आनंद शिंदे कॅसेटच्या काळात मोठे झाले. ऐंशीच्या दशकात 'नवीन पोपट' या गाण्यानं जो धुमाकूळ घातला, त्याची गोष्ट आजही लग्नात बँडवाले सांगतात. त्यांचं गाणं रेडिओवरून किंवा सिनेमातून मोठं झालं नाही. ते टपरीवर, एसटी स्टँडवर, रसवंतीत, जयंतीच्या मंडपात मोठं झालं. एका कॅसेटची किंमत तेव्हा एलपी रेकॉर्डपेक्षा कितीतरी कमी होती आणि टेपरेकॉर्डर वाड्या-वस्त्यांवर पोचला होता. ज्यांचं गाणं मोठ्या कंपन्यांनी कधी छापलं नसतं, त्यांचं गाणं त्या स्वस्त प्लास्टिकच्या डबीनं पोचवलं.

तर 'कोंबडी पळाली'त हे सगळं एकत्र आहे. कॅसेटवाला गावरान खडा आवाज, पॉप अल्बमचा तरुण आवाज, नाटक-सिनेमातल्या माणसाचे मिश्कील शब्द आणि जत्रेच्या ठेक्यावर वाढलेले दोन भाऊ. हे गाणं आलं तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या सिडकोतल्या गल्लीत त्या वर्षीच्या गणपतीत ते दिवसातून किती वेळा वाजलं याचा हिशोब कुणी ठेवला नसेल.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे युगुलगीत आहे. तो चिडवतो, ती उलटून बोलते. तमाशातल्या सवाल-जवाबाची सावली त्यात आहे. चावटपणा दोघांचा आहे आणि गंमतही दोघांची.

२०१२: मांडव्याची चमेली

आता पुढे सहा वर्षं. मधल्या काळात अजय-अतुल यांना 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'नटरंग' आला, २०११ मध्ये हिंदी 'सिंघम' आला. आणि मग करण मल्होत्रा दिग्दर्शित 'अग्निपथ', २६ जानेवारी २०१२ ला. हा सिनेमा स्वतःच रिमेक. मूळ 'अग्निपथ' १९९० चा, मुकुल आनंद आणि अमिताभ यांचा.

गाण्याची झलक २०११ च्या अखेरीसच टीव्हीवर आली होती. कतरिना कैफ, गणेश आचार्य यांचं नृत्यदिग्दर्शन, श्रेया घोषाल यांचा आवाज, अमिताभ भट्टाचार्य यांचे हिंदी शब्द. चाल कोंबडीची.

गंमत बघा. 'अग्निपथ'ची गोष्ट मांडव्याची. मांडवा म्हणजे रायगड जिल्ह्यातलं, अलिबाग तालुक्यातलं बंदर. गेटवेवरून लाँच सुटते ते. नायक विजय दीनानाथ चौहान, मास्तरांचा मुलगा. सिनेमातला मांडवा मात्र दीवला जाऊन चित्रित केला. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याची गोष्ट गुजरातला लागून असलेल्या बेटावर, त्यात मराठी गाण्याची चाल, आणि त्यावर हिंदी शब्द.

चालीचं काय झालं? ठेका तसाच पळता राहिला, पण वाद्यमेळ मोठा झाला, आवाज भरीव झाला. मल्टिप्लेक्सच्या स्पीकरसाठी जे करावं लागतं ते सगळं झालं. आणि हे करणारे स्वतः मूळ संगीतकारच होते, म्हणून ते सफाईनं झालं. कुणी चोरी केली असं इथे म्हणता येत नाही. आपल्याच शेतातलं बी दुसऱ्या शेतात पेरलं.

पण एक मोठा बदल झाला. युगुलगीताचं एकटीचं गाणं झालं. मराठीत दोन माणसं एकमेकांना टपली मारत होती. हिंदीत एक बाई कांचा चीनाच्या अड्ड्यावर पुरुषांच्या गर्दीत नाचते आणि सगळे बघतात. पुरुषाचा आवाज गेला, म्हणजे उलटून बोलायला समोर कुणी उरलं नाही. चिडवाचिडवीचं 'आयटम साँग' झालं. श्रेया घोषाल यांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की लहान लहान मुली अर्थ न कळता हे गाणं गाताना, त्यावर नाचताना दिसतात तेव्हा त्यांना अवघडल्यासारखं होतं. गाणं त्यांचं आहे, लोकप्रियही प्रचंड आहे, तरीही त्या असं म्हणतात. याला हिंमत लागते.

मी मूळ मराठी गाणं अगदी सोवळं होतं असं म्हणत नाहीये. नव्हतं. पण त्यातली बाई उत्तर देत होती.

हिशोब: काय गेलं, काय राहिलं

आता आपण इंजिनिअर माणसं, तर तक्ता मांडू.

चाल गेली. संगीतकार गेले. ठेका गेला.

गीतकार राहिले. दोन्ही गायक राहिले. कोंबडीही राहिली, कारण हिंदीत कोंबडीचा काही संबंधच नाही.

म्हणजे ज्या आनंद शिंदे यांच्या आवाजाशिवाय महाराष्ट्रात ते गाणं कुणी ऐकूच शकत नाही, त्यांचं नाव दिल्लीत, पाटण्यात, लखनौत त्या चालीवर नाचणाऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पुण्यात नोकरी करताना माझा एक फ्लॅटमेट कानपूरचा होता. त्याला मी 'कोंबडी पळाली' लावून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, मराठीवालों ने चिकनी चमेली कॉपी कर ली!" मी त्याला तारीख दाखवली. तो बिचारा खजील झाला, पण चूक त्याची नव्हती. ज्या दारानं गाणं आत येतं, तेच दार मूळ वाटतं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कुणाचा कोड घेऊन पुढे नेला तर त्याला फोर्क म्हणतो. फोर्क करण्यात काही वाईट नाही. सगळं ओपन सोर्स जग त्यावरच चालतं. पण गिटमध्ये इतिहास सोबत येतो. पहिली ओळ कुणी, कधी लिहिली ते कुणालाही दिसतं. गाण्याचा फोर्क होतो तेव्हा इतिहास आपोआप सोबत येत नाही. तो कुणीतरी मुद्दाम लिहावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

इथे थोडं कोरडं होईल, पण हा भाग महत्त्वाचा आहे. सोडून पुढे पळू नका.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात गाणं ही एक वस्तू नाही, तीन आहेत. शब्द ही वेगळी कृती, चाल ही वेगळी कृती, आणि रेकॉर्डिंग ही तिसरी. म्हणून चाल घेऊन शब्द मागे ठेवता येतात. गायकाचा हक्क यापेक्षा वेगळा. त्याला 'सादरकर्त्याचा हक्क' म्हणतात आणि तो त्यानं गायलेल्या त्या सादरीकरणावर असतो, गाण्यावर नाही. तुम्ही एखादं गाणं गाऊन अजरामर केलं, तरी उद्या तीच चाल दुसऱ्यानं दुसऱ्या शब्दांत गायली तर कायद्याच्या नजरेत तुमचा त्याच्याशी संबंध राहत नाही.

कॅसेटच्या काळात याच कायद्यातल्या कलम ५२ मध्ये एक वाट होती. नोटीस द्या, ठरलेली रॉयल्टी भरा, आणि जुन्या गाण्याची नवी आवृत्ती नव्या आवाजात रेकॉर्ड करा. टी-सीरिजनं ही वाट हमरस्ता करून टाकली. रफी-लताची गाणी नव्या गायकांच्या आवाजात स्वस्त कॅसेटवर आली. सोनू निगम यांची सुरुवातीची ओळख रफींची गाणी गाणारा मुलगा अशीच होती. अनुराधा पौडवाल यांनीही अशी बरीच गाणी गायली. मग २००२ च्या आसपास रिमिक्सची लाट आली. 'काँटा लगा' हे १९७२ च्या 'समाधी'मधलं लताबाईंचं गाणं, आर. डी. बर्मन यांचं. नव्या व्हिडिओनंतर एका अख्ख्या पिढीला ते २००२ चंच गाणं वाटलं.

मग २०१२ ची दुरुस्ती आली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत गीतकार-संगीतकारांची बाजू जोरात मांडली. मे महिन्यात संसदेनं ती मंजूर केली आणि २१ जूनपासून ती लागू झाली. म्हणजे 'चिकनी चमेली'नंतर पाचच महिन्यांनी. या दुरुस्तीनं तीन गोष्टी केल्या, आपल्या विषयापुरत्या.

एक: सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्याचा थिएटरबाहेर वापर झाला तर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क. आणि हा हक्क करारात लिहून घेऊन निर्मात्याला काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो.

दोन: गायक-वादकांच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर त्यांनाही रॉयल्टी.

तीन: कव्हरचा जुना रस्ता अरुंद केला. कलम ३१-सी नुसार मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, कव्हरवर मूळ कलाकारांचं नाव-फोटो टाकून लोकांना फसवायचं नाही, आणि मूळ कृतीत मालकाच्या संमतीशिवाय बदल करायचा नाही. तांत्रिकदृष्ट्या अटळ असेल तेवढाच चालतो. थोडक्यात, शब्द बदलायचे किंवा रिमिक्स करायचं तर सरळ परवानगी घ्या.

नाव लागण्यासाठी भांडावं लागतं

पैशाइतकंच नावही महत्त्वाचं आहे हे सांगणाऱ्या दोन गोष्टी. दोन्हींत एकच माणूस आहे, म्हणून सांगतो.

१९८९ मध्ये फ्रान्समधून 'काओमा' या गटाचं 'लंबाडा' आलं. जगभर गाजलं. पण ती चाल मूळची बोलिव्हियाच्या 'लॉस कार्कास' या गटाची होती, १९८१ ची. मूळ गाणं संथ, विरहाचं. फ्रेंच निर्मात्यांनी त्यांचं नाव लावलं नव्हतं. बोलिव्हियाचे हेर्मोसा बंधू कोर्टात गेले आणि नाव-पैसा दोन्ही मिळवलं. इकडे १९९० च्या 'घायल'मध्ये बप्पी लाहिरी यांनी 'सोचना क्या' केलं, तेही त्याच लंबाडाच्या चालीवर. तिकडे डोंगरातला विरह, इकडे सनी देओलच्या सिनेमातला नाच.

आता बारा वर्षांनी फासा उलटा पडला. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' आलं. त्यात मागे सतत लता मंगेशकर ऐकू येत होत्या. १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. ना परवानगी, ना नाव. बप्पीदा लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले आणि २००३ मध्ये न्यायाधीशांनी आदेश दिला: श्रेय छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही.

मला ही जोडी फार बोलकी वाटते. ज्याची चाल जाते त्याला दुखतं. ज्याच्याकडे चाल येते त्याला ती 'प्रेरणा' वाटते. एकच माणूस दोन्ही बाजूंना असू शकतो.

मग झिंगाट आलं

२९ एप्रिल २०१६. 'सैराट'. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि त्या वर्षी गॅदरिंगमध्ये डीजेला दुसरं काही लावायची परवानगी नव्हती म्हटलं तरी चालेल. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, संगीत पुन्हा अजय-अतुल, आणि 'झिंगाट' गाणारेही तेच दोघे. या सिनेमाच्या संगीतासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला होता. मराठीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

२०१७ मध्ये कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, २०१८ च्या जुलैत हिंदीत 'धडक'. हिंदी शब्द पुन्हा अमिताभ भट्टाचार्य यांचे. पण या वेळी दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. 'झिंगाट' हा मराठी शब्द हिंदीत तसाच राहिला, आणि गायकही तेच राहिले. शिवाय हिंदी गाणं यायच्या आधीच मराठी झिंगाट महाराष्ट्राबाहेर पोचलं होतं. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही मराठीतच नाचत होते. हिंदी आवृत्ती आल्यावर उलट तिलाच लोकांनी मूळ गाण्याशी ताडून बघितलं.

सहा वर्षांत हा फरक कशानं पडला? माझं मत असं: हातातल्या फोननं. २०१२ मध्ये मराठी गाणं बिहारमधल्या पोरापर्यंत जायला हिंदी सिनेमाची गाडी पकडावी लागत होती. २०१६ मध्ये ते यूट्यूबवरून थेट गेलं. मूळ गाणं एका बोटावर असेल तर नक्कल त्याला झाकू शकत नाही.

आपल्या शहरातला प्रश्न

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं खरा मुद्दा. सिनेमातल्या गाण्याचं निदान रेकॉर्डवर नाव असतं. ज्यांचं तेही नाही त्यांचं काय?

छत्रपती संभाजीनगरात १४ एप्रिलला क्रांती चौकात या. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, जिथे विद्यापीठाच्या नामांतरासाठी इतकी वर्षं माणसं लढली आणि १९९४ मध्ये ते नाव लागलं, तिथली जयंती ही नुसती मिरवणूक नसते. रात्री एकामागे एक गाड्या, आणि प्रत्येक गाडीवर भीमगीतांचं डीजे रिमिक्स. जुनी चाल, जुना आवाज, खाली छाती हलवणारा बेस. त्यात प्रल्हाद शिंदे असतात, आनंद शिंदे असतात, आता आदर्श शिंदे असतात. तीन पिढ्या एकाच स्पीकरमधून.

मला हे रिमिक्स आवडतात. 'मूळ गाण्याची वाट लावली' म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्या पोराला टेपरेकॉर्डर कसा दिसतो हे माहीत नाही, त्याच्यापर्यंत ते गाणं याच वाटेनं पोचतं. केट रायननं फ्रेंच गाण्याचं जे केलं तेच आमच्या पोरांनी लॅपटॉपवर केलं. शब्द तेच, कपडे नवीन.

पण त्या रिमिक्सचा व्हिडिओ उघडून बघा. डीजेचं नाव मोठ्या अक्षरांत. साउंडवाल्याचं नाव, मंडळाचं नाव, कधी नगरसेवकाचाही फोटो. गायकाचं नाव असलं तर असलं. गीतकाराचं मात्र शोधून सापडत नाही. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ चा जन्म, २००४ ला गेले. गावोगाव फिरून आयुष्यभर गाणी लिहिली आणि गायली. पुस्तकात आली त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या ओठांवर राहिली. अशा शाहिराचं गाणं 'पारंपरिक' म्हणून अपलोड होतं. पारंपरिक म्हणजे ज्याचा कर्ता कुणाला ठाऊक नाही ते. वामनदादांना पाहिलेली, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसं आजही आपल्या शहरात आहेत. मग ते पारंपरिक कसं?

चिकनी चमेलीत मराठी गायक मागे राहिले ते कायद्याच्या रचनेमुळे. इथे शाहीर मागे राहतो तो आपल्या आळसामुळे. पहिलं बदलायला संसद लागली. दुसऱ्याला डिस्क्रिप्शन बॉक्समधली एक ओळ पुरते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका पोरानं मला त्याच्या रिमिक्सचा व्हिडिओ पाठवला, लाइक कर म्हणून. मी म्हटलं, "भाऊ, करतो. फक्त खाली गीतकाराचं नाव टाक." तो म्हणाला, "दादा, माहीतच नाही ना." मग आम्ही दोघांनी त्याच्या आजोबांना फोन लावला. आजोबांनी गीतकाराचं नाव तर सांगितलंच, वर ते गाणं पहिल्यांदा कुठल्या कार्यक्रमात ऐकलं तेही सांगितलं. एका फोनचं काम होतं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या प्लेलिस्टमधलं एक रिमेक किंवा रिमिक्स गाणं निवडा. अ‍ॅपमध्ये 'क्रेडिट्स' उघडा. मूळ गाणं शोधून एकदा पूर्ण ऐका. आणि तुमच्या तालुक्यातलं एखादं गाणं असेल, ज्याचा गीतकार फक्त म्हाताऱ्या माणसांनाच माहीत आहे, तर ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुरेशी नावं जमली तर पुढचा एक अख्खा भाग त्यांच्यावर करू.

भेटू पुढच्या शुक्रवारी. आवाज वाढवा, पण रात्री दहाच्या आत.